बिनपायाच्या वीस खुर्च्या

पहिली खुर्ची परत आली ती साखरेच्या पोत्यात गुंडाळून. कारखान्याच्या जीपमधून ड्रायव्हरनं ती दोन्ही हातांवर आडवी धरून उतरवली, आमच्या शेडच्या दारात ठेवली आणि टोपी काढून घाम पुसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोडली."

"कशानं?"

"बसल्यानं."

मी पोतं सोडलं. खुर्ची नारिंगी रंगाची. सीट जिथं पुढून खाली वळते त्या बाकात, आतल्या अंगाला, आडवा तडा गेला होता. बोटाचं नख आत जाईल एवढा.

"अजून दोन हायत," ड्रायव्हर म्हणाला. "जीपमदी एका टायमाला एकच बसती. उद्या आणतो."

"तिन्ही कुणाच्या हातून मोडल्या?"

"हातनं न्हवं. तात्यांच्या खाली."

तात्या म्हणजे कारखान्याचे एक संचालक. मी त्यांना पाहिलं नव्हतं. मनाशी म्हटलं, असेल कुणी सहा फुटी आडदांड.

"पैलवान आहेत का तात्या?"

ड्रायव्हर पहिल्यांदा हसला. "कोण, तात्या? आवं, वाऱ्यानं उडत्याल. पन्नास किलोचं माणूस."

एवढ्यात आतून अण्णा आले. अण्णा म्हणजे आमचे मालक. त्यांनी खुर्ची पायानं उलटी केली, तडा बघितला, परत सुलटी केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटायचा हाय. मंत्री येणार हाईत. तवर वीसच्या वीस खुर्च्या धड पायजेत. न्हाई झाल्या तर तो साचा फोडायचा, आन तू टाक्यांच्या कामाला लागायचं. समजलं न्हवं?"

समजलं. नागपंचमी नुकतीच झाली होती. माझ्याकडं दोन महिने आणि वर थोडे दिवस होते.

आता हे टाक्यांचं प्रकरण सांगायला पाहिजे. आमची शेड सांगलीत, औद्योगिक वसाहतीत. आम्ही फायबरग्लासचं काम करायचो. फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची चटई आणि तिच्यात मुरवलेलं रेझीन, म्हणजे एक घट्ट चिकट रसायन. त्यात हार्डनर घातला की अर्ध्या तासात ते दगडासारखं होतं. अण्णा त्यापासून ॲसिडच्या टाक्या करायचे, फवारणी पंपाच्या टाक्या करायचे, पाण्याच्या टाक्या करायचे. गोल टाकी, चौकोनी टाकी, आडवी टाकी. एवढंच वैविध्य.

मी मूळचा साताऱ्याचा. मुंबईला फर्निचर डिझाइनचा कोर्स केला आणि दोन वर्षं एका फर्ममध्ये दुसऱ्यांनी काढलेल्या खुर्च्यांच्या ड्रॉइंगवर मापं लिहिली. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते लोकांना सांगायचे, "पोरगा इंजिनेर हाय." मी इंजिनियर नव्हतो. पण शेडमध्येही सगळे मला इंजिनेरच म्हणायला लागले आणि मी काही खोडून काढलं नाही. चूक झाली, पण ही छोटी चूक होती. मोठी पुढं आहे.

मुंबई सोडून मी सांगलीला आलो त्याचं कारण ही खुर्ची. कारखान्याचे चेअरमन आबासाहेब साखरेची मशिनरी बघायला युरोपात गेले होते. तिथं कुठल्याशा ऑफिसात त्यांना पाय नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. आल्याबरोबर त्यांनी अण्णांना फोन केला, "बिनपायाची खुर्ची करता येती का तुमाला?" अण्णा हो म्हणाले. अण्णा सगळ्यालाच हो म्हणायचे. मग करायची कशी हे सांगणारा माणूस शोधायला लागले.

ती खुर्ची मी ओळखत होतो. मुंबईत एका परदेशी मासिकात तिचा पानभर फोटो होता आणि तो मी कापून घेतला होता. पाठ, सीट, खालची बैठक, सगळा एकच ओघ. जोड नाही, स्क्रू नाही. सीट पुढं येते, तिथून खाली वळते, मागं जाते आणि जमिनीवर पसरते. बाजूनं बघितलं तर इंग्रजी एस. मागचा सगळा भाग अधांतरी. याला कॅन्टिलीव्हर म्हणतात. घराची गॅलरी असते ना, एका बाजूनं भिंतीत धरलेली आणि दुसऱ्या बाजूनं मोकळी, तसंच. सगळा भार त्या पुढच्या बाकावर. सांगायला लाज कसली, तो फोटो मी उशीखाली घेऊन झोपायचो. असलं काही आपल्या हातून व्हावं, एवढीच इच्छा होती. ड्रॉइंग मी माझं काढलं, पण डोळ्यासमोर तो फोटो होता.

फायबरग्लासच्या कामात आधी लाकडाचा पॅटर्न लागतो. म्हणजे पाहिजे तशी हुबेहूब वस्तू लाकडात घडवायची. तिच्यावरून साचा घ्यायचा आणि साच्यातून मग कितीही नग काढायचे. पॅटर्न चुकला की सगळं चुकलं. आमचा पॅटर्न केला रामभाऊ सुतारांनी. साठीचे होते. कवठे महांकाळकडचे. गावात बैलगाड्या आणि नांगर करण्यात आयुष्य गेलेलं. लोखंडी नांगर आले तसे सांगलीला आले. कागदावरचं ड्रॉइंग त्यांना वाचता येत नसे, पण हात फिरवून वाक कुठं मेला आहे हे सांगत. सागाचे तुकडे चिकटवून, तासून, घासून पाच महिने त्यांनी ती खुर्ची लाकडात आणली. शेवटी तिच्यावर पॉलिश चढलं तेव्हा अण्णा म्हणाले, "हीच देऊया की कारखान्याला." 

पॅटर्नच्या पहिल्याच दिवशी मी रामभाऊंना फोटो दाखवला होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"चांगली हाय," ते म्हणाले. "पर हिच्यावर मांडी घालाया जागा न्हाई."

मी मान डोलावली. माझ्याकडं एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. कामाबद्दल कुणी काही बोललं की मी तिच्यात लिहून घ्यायचो. मुंबईच्या फर्ममध्ये तशी शिस्त होती. रामभाऊंचं बोलणंही मी लिहून घेतलं. ते मी लिहिताना बघत होते. मग पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पहिला नग साच्यातून निघाला तेव्हा लोड टेस्टचा प्रश्न आला. लोड टेस्ट म्हणजे वस्तूवर वजन टाकून ती किती सोसते ते बघणं. मी वाळूच्या गोण्यांनी करणार होतो. अण्णांना ते पटलं नाही. "गोणी बगायला कोन येतंय? पैलवान आणूया," म्हणाले. आणि नदीकाठच्या तालमीतून हिंदुराव पैलवानांना बोलावलं. सव्वाशे किलो. सोबत त्यांचे वस्ताद. वस्तादांनी अट घातली, दोन शेर दूध आधी, बसणं मग.

"कसं बसू?" पैलवानांनी विचारलं.

"नेहमी बसता तसं."

"मी तर नेहमी खालीच बसतो."

सगळे हसले. मीही हसलो. मग पैलवान बसले. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ ताठ, हात मांड्यांवर. फोटो स्टुडिओत बसतात तसे. आणि खरंच फोटोवाला आला होता. खुर्ची सव्वा इंच लवली आणि थांबली. वस्ताद म्हणाले, "आता उठ-बस कर." त्यांनी शंभर केल्या. खुर्चीला काही झालं नाही, दमले पैलवानच. अण्णांनी तो फोटो फ्रेम करून ऑफिसात लावला.

तर अशी ही खुर्ची. सव्वाशे किलोच्या पैलवानाला पुरून उरली आणि पन्नास किलोच्या तात्यांखाली तीनदा मोडली.

मी तपास सुरू केला. पहिला संशय रेझीनवर. त्या काळात रेझीन मिळायची मारामार असायची, आणि मिळेल त्यात काय मिसळलंय याची खात्री नसायची. मी तुकडा कापून तापवला, वाकवला. रेझीन चांगलं होतं. दुसरा संशय चटईवर. बाकात पाच थर सांगितले होते. करवतीनं कापून मोजले तर पाच होते. तिसरा संशय हार्डनरवर. तो जास्त पडला की माल ठिसूळ होतो. पण ते काम करणारा माणूस एवढा चिकट, की थेंब मोजताना कुणी बोललं तर पहिल्यापासून मोजायचा. हार्डनरही निर्दोष.

पोत्यातल्या खुर्चीच्या सीटच्या दोन्ही कडांची चकाकी गेली होती. मला वाटलं, पोतं घासलं असेल.

मी पैलवानांना परत बोलावलं. दोन शेर दूध. दोनशे उठ-बस. खुर्ची मजेत.

"मग तात्या काय करत्यात?" अण्णांनी विचारलं.

"जाऊन बघतो," मी म्हणालो.

संचालकांची बैठक होती त्या दिवशी मी कारखान्यावर गेलो. आबासाहेबांनी माझी ओळख करून दिली. "हे खुर्चीवाले इंजिनेर. आपुन कसं बसतो ते बगाया आल्यात."

हे म्हणायला नको होतं. पण म्हणून झालं.

सतरा संचालक होते. खुर्च्यांवरच्या सोळा जणांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. पाठी ताठ झाल्या. दोघांनी टोप्या सारख्या केल्या. भिंतीकडेला खाली जाजमावर एक वाळकेसे म्हातारे बसले होते. धोतर, कोट, चष्मा.

"तात्या, बसा की वर," आबासाहेब म्हणाले.

"नगं," तात्या म्हणाले. "चौथी मोडायची न्हाई मला. गावात पारावर गेलो तर म्हणत्यात, तात्या, तुमी आपलं उभंच ऱ्हावा. नातसुनंनं घरातली लाकडी खुर्चीसुदिक आत नेऊन ठेवली."

लोक हसले. तात्या हसले नाहीत. मला ते बघून फार वाईट वाटलं. माझ्या खुर्चीनं एका भल्या माणसाचं गावात हसं केलं होतं, आणि का, ते मला सांगता येत नव्हतं.

मी त्यांना विनवून वर बसवलं. तेही पाय खाली सोडून ताठ बसले. अर्धा तास मी कोपऱ्यात उभा राहून बघितलं. वाचन झालं, ठराव झाले. कुणी हललं नाही. वहीत लिहिलं, बसण्याची पद्धत योग्य. नमस्कार करून बाहेर पडलो. काही कळलं नव्हतं.

गेटपर्यंत आलो आणि लक्षात आलं, मापाचा टेप आत राहिला. परत गेलो. दरवाजाला काच होती. आत बघितलं.

जमिनीवर एकही पाय नव्हता.

सतरा जोड चपला फरशीवर ओळीनं सोडलेल्या. सतरा माणसं खुर्च्यांवर मांड्या घालून बसलेली. कुणाचा एक गुडघा वर, कुणाचे दोन्ही पाय पोटाशी. सकाळी पाटाच्या पाण्यात उभं राहून आलेली माणसं, फरशी गार, त्यांनी पाय वर घ्यायचे नाहीत तर काय करायचं? विषय निघाला होता ऊसतोडीच्या पाळीचा. कुणाच्या शिवारात टोळी आधी जायची. तात्या मांडी घालून, दोन्ही हातांनी गुडघे धरून, बोलता बोलता पुढं-मागं डुलत होते. पुढं. मागं. मुद्दा पटला नाही की जोरात. खुर्ची त्यांना छान साथ देत होती. ती लवचिक होती ना. झोपाळा मिळाल्यासारखे डुलत होते ते. आजूबाजूचे आणखी चार-पाच जणही डुलत होते, पण तात्यांची बरोबरी कुणाला नव्हती.

मी दार उघडलं. एका क्षणात चौतीस पाय खाली आले.

"टेप राहिला," मी म्हणालो.

"घ्या आन जावा लौकर," तात्या म्हणाले. "पाय अवघडल्यात आमचं."

मी टेप घेतला आणि बाहेर पायरीवर बसलो. आता सगळं उघड होतं. पाय जमिनीवर असले की माणसाचं थोडं वजन पाय उचलतात, आणि खुर्चीला हलूही देत नाहीत. पाय वर घेतले की पुरं वजन सीटवर. त्यात डुलणं. लोखंडी तार एकदा वाकवून तुटत नाही, पण तिथल्या तिथं खाली-वर वाकवत राहिलं तर तुटते. तसं. आमच्या धंद्यात याला फटीग म्हणतात, म्हणजे माल थकतो. पैलवानांनी खुर्चीची ताकद बघितली होती. तात्यांनी तिचा दम काढला. कडांची चकाकी पोत्यानं नाही, घोट्यांनी गेली होती. सतरा इंचाच्या सीटवर मांडी मावत नव्हती. घोटे कडेवर घासत होते, आणि माणूस ती अडचण सोसत, डुलत, तासन् तास बसत होता. आमच्याकडं कुणी खुर्ची अडचणीची आहे असं सांगत नाही. पाहुण्यासमोर तर नाहीच.

आता उपाय. मी जो केला तो सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी एक बोर्ड रंगवून घेतला. "कृपया खुर्चीवर पाय खाली सोडून बसावे." अण्णांना उपाय फार आवडला. बोर्ड घेऊन मी आबासाहेबांकडं गेलो.

त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"हे कुनासाठी?"

"संचालकांसाठी. सभासदांसाठी."

"म्हंजी माज्या सभासदाला त्याच्याच कारखान्यात बसाया शिकिवणार तुमी?"

मी बोर्ड परत घ्यायला हात पुढं केला.

"मग असं करा, जेवायचं कसं तेबी लिवून आणा. आन शिंकायचं कसं. एकदमच लावूया." त्यांनी बोर्ड माझ्या हातात दिला. "इंजिनेर, खुर्ची मानसासाठी हाय का मानूस खुर्चीसाठी, येवढं ठरवा आन मग या."

बोर्ड काखेत मारून मी शेडवर आलो. रामभाऊ रंध्याला धार लावत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सतरा चपला, तात्या, डुलणं. ते ऐकत होते. चेहऱ्यावर काही नाही.

"मग घाला की मांडीची जागा," ते म्हणाले.

"सीट रुंद करावी लागेल रामभाऊ. पॅटर्न नवा करावा लागेल. पाच महिने."

ते उठले, चप्पल काढली आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. "लावा टेप. गुडघं सोडा, गुडघं भाईर गेलं तरी चालत्यात. घोटं आत पायजेत."

मी मापलं. बावीस इंच पुरत होते. पाच इंच वाढवायचे.

रामभाऊंनी आतून पॅटर्न आणला. त्यांचा स्वतःचा, पाच महिन्यांचा. कामाच्या बाकड्यावर पालथा ठेवला, गेरूची दोरी धरली आणि पाठीच्या वरच्या टोकापासून खालच्या बैठकीपर्यंत बरोबर मधोमध सूत मारलं. तांबडी रेघ उठली.

"रामभाऊ, काय करताय?"

"मधनं कापायचा. पाच इंची पट्टी बसवायची. दोनी बाजूचं वाक हायत तसं ऱ्हात्यात."

"अहो, पण पाच महिने घासलाय तुम्ही तो!"

"तुमच्याकडं हायत का अजून पाच म्हैनं? मग? धरा तिकडनं."

दोन मुठींची करवत होती. एक मूठ माझ्या हातात आली. पहिली चार-पाच ओढणी मला दिसलीच नाहीत, डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लपवायला मी भुसा गेला म्हणालो. रामभाऊ म्हणाले, "भुसा अजून पडलाच न्हाई. सरळ वढा." मासिकातल्या त्या खुर्चीची कंबर किती सुरेख होती. बारीक, वळत गेलेली. ती आम्ही दोघांनी मिळून कापली. करवत पार झाली तसे दोन अर्धे दोन बाजूंना कलले.

अण्णा आवाज ऐकून आले. "मी साचा फोडायचा म्हनलो हुतो. तुमी पॅटर्नच कापला?"

"साचाही फोडतोय," मी म्हणालो. आणि फोडला. अण्णा जी धमकी देत होते ते काम मी माझ्या हातानं, घण घेऊन, एका दुपारी उरकलं. जुन्या मापाचा नग आता कुणाला नको होता, आणि साच्याचा स्टँड नव्यासाठी पाहिजे होता.

पट्टी बसवायला, घासायला, पॉलिशला अठरा दिवस लागले. नवा साचा निघाला. बाकात पाच थरांऐवजी नऊ घातले आणि आतून दोन उभ्या कण्या दिल्या. कणी म्हणजे पत्र्याला ताठपणा यावा म्हणून घडी घालतात तसा उंचवटा. पहिला नग निघाला. मी लांब जाऊन बघितला. बसकट होती. मासिकातली खुर्ची आणि ही शेजारी ठेवली असती तर नातं लागलं नसतं. मी फोटो ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर लावला.

"पैलवानाला बोलवू का?" अण्णांनी विचारलं.

"नको. तात्यांना आणा."

अण्णा स्वतः गाडी घेऊन गेले. तात्या यायला तयार होईनात. शेवटी आबासाहेबांनी शब्द टाकला तेव्हा आले. खुर्चीकडं बघत लांबच उभे राहिले.

"मोडली तर?"

"मोडली तर चूक माझी," मी म्हणालो. "पहिल्या तिन्हीही माझ्याच होत्या. तुमचा त्यात काही दोष नव्हता तात्या. मी चुकीच्या माणसाला बसवून बघितलं होतं."

तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "हे तुमी पारावर येऊन सांगाल का?"

"सांगीन."

मग ते बसले. पाय खाली. ताठ.

मी अण्णांना खूण केली. अण्णा म्हणाले, "तात्या, ऐकतोय ते खरं का? औंदा तोडणीची पयली पाळी वरच्या अंगाला जाणार म्हणं?"

तात्यांचे पाय वर आले. मांडी बसली, घोट्यांसकट. "कोन म्हणतंय?" आणि डुलायला सुरुवात झाली.

मी बॅटरी आणि आरसा घेऊन खुर्चीमागं जमिनीवर आडवा झालो. बाकाला आतून खडू फासला होता. केसाएवढा तडा गेला तरी पांढऱ्यावर रेघ दिसते. तात्या डुलत होते, मी मोजत होतो. चौदाशेपर्यंत मोजले, मग नाद सोडला. मध्ये चहा झाला. अण्णा विषय थंड झाला की फुंकर घालायचे. रामभाऊ शेजारी उकिडवे बसून सीटच्या कडेला बोटं लावून होते. नाश्त्याला बसलेले तात्या जेवणाच्या वेळेला उठले. खडू कोरा होता.

"झालं?" तात्यांनी विचारलं.

"झालं."

"मोडली न्हाई?"

"नाही."

ते खाली वाकले, बाकात स्वतः बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "मग आता पारावर कवा येताय?"

दसऱ्याच्या आधी आठ दिवस वीस खुर्च्या कारखान्यावर पोचल्या. बॉयलर पेटला. मंत्री खुर्चीवर दहा मिनिटं बसले, पाय खाली सोडून, आणि गेले. त्यांचं काही विशेष नाही. मी पारावरही जाऊन आलो. चार माणसांत सांगितलं की खुर्च्या तात्यांनी मोडल्या नव्हत्या, मी मोडक्या दिल्या होत्या. तात्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं, कारण एकजण उशिरा आला होता. पुढं पुण्याहून एक आर्किटेक्ट कारखाना बघायला आले, तेव्हा ती खुर्ची बघून मला म्हणाले, "कल्पना चांगली होती हो, प्रपोर्शन बिघडलं." मी हो म्हणालो. त्या खुर्च्या त्यानंतर कधी परत आल्या नाहीत.

एक नग जास्तीचा काढला होता. तो शेडमध्येच राहिला. खुर्च्या गेल्या त्याच दिवशी दुपारी मी जेवायला आलो तर रामभाऊ त्याच्यावर बसलेले. इतक्या महिन्यांत त्यांना मी कधी खुर्चीवर बघितलं नव्हतं. मांडी घातलेली, मांडीवर फडकं, फडक्यात भाकरी आणि खर्डा.

"कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाय. जरा जड झाली." त्यांनी घास घेतला. "इंजिनेरसाहेब, एक इचारू? त्या पयल्या दिवशी मी मांडीचं बोललो, तवा तुमी वहीत लिवलं हुतं न्हवं?"

"हो."

"म्हनून मी परत बोललो न्हाई. म्हनलं, साहेबांनी लिवून घेतलंय. म्हंजी त्यांनी कायतरी इचार करूनच पुढचं ठरवलं आसंल. आपुन कशाला सारखं सारखं सांगा." त्यांनी टेबलाकडं बघितलं. "काय लिवलं हुतं?"

वही माझ्या समोर टेबलावरच होती. रामभाऊंना वाचता येत नव्हतं. मी पहिलं पान उघडलं. माझ्याच सुवाच्य अक्षरात होतं: "रा. सुतार: मांडी घालता येणार नाही. असंबद्ध."

"तुम्ही म्हणालात तेच लिहिलंय," मी म्हणालो. शेवटचा शब्द वाचला नाही.

"मग बरं," रामभाऊ म्हणाले आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

त्यानंतर तीस वर्षं मी प्लास्टिकच्याच कामात होतो. लोड टेस्टला पैलवान पुन्हा बोलावला नाही. वह्या अजून ठेवतो. तो शब्द लिहायची वेळ आली की पेन बंद करतो आणि समोरच्या माणसाला परत विचारतो, काय म्हणालात? निम्म्या वेळा माणूस चिडतो. चिडू दे.